एकोणीस दिवसांचे मौन

भोजनानंतर डाव्या कुशीवर घटकाभर पडावे, डोळा मात्र लागू देऊ नये, असा आमच्या घरचा जुना नियम. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यातला पहिला अर्धाच माझ्याकडून पाळला जातो. पडवीतल्या चटईवर मी पडलो आहे. वैशाखाचे ऊन अंगणाच्या मधोमध उभे आहे. उशाशी शपथपत्राचे कागद आहेत, आणि त्यांतला शेवटचा कोरा आहे.

तो कोरा का, हे आधी सांगितले पाहिजे.

चार वर्षांपूर्वी, आश्विन वद्य अष्टमीच्या सकाळी, आमच्या गावच्या घाटाखाली गहिनीनाथ भोई या नावाड्याला तिघांनी मारले. नदीतली वाळू उपसून नेणाऱ्यांविरुद्ध त्याने तहसील कचेरीत अर्ज दिला होता. मी त्या वेळी घाटावर प्रातःसंध्येला बसलो होतो. तिघांनाही मी ओळखले. पुढे होता तो सरपंचांचा पुतण्या अंकुश. माझे चातुर्मासाचे मौनव्रत चालू होते. ते कार्तिक शुद्ध द्वादशीला सुटले, आणि त्याच दिवशी मी पोलिस ठाण्यात जाऊन जबाब दिला. मध्ये एकोणीस दिवस गेले होते.

खटल्यात आरोपींच्या वकिलांनी मला विचारले, "बोलता येत नव्हते, मान्य. लिहिता येत होते ना?"

मी उत्तर दिले, "माझे काष्ठमौन होते. त्यात लाकडासारखे राहावे लागते. लिहायचे नाही, हाताने खूणही करायची नाही."

वकिलांनी मान डोलावली आणि पुढच्या तारखेला आमच्या गावचे किराणा दुकानदार शिवलिंगअप्पा यांना साक्षीला आणले. अप्पा आलेली प्रत्येक चिठ्ठी तारेला ओवून ठेवतात. त्या तारेवरून त्याच एकोणीस दिवसांतल्या माझ्या हातच्या तीन चिठ्ठ्या निघाल्या. 'साबुदाणा अर्धा किलो. शेंगदाणे पाव किलो, निवडक.' खाली माझ्या सवयीप्रमाणे तिथी.

मी जे पाहिले ते खरे होते. न बोलण्याचे कारण मात्र मी खोटे सांगितले होते. जो साक्षीदार स्वतःच्या व्रताविषयी असत्य बोलतो त्याच्या डोळ्यांवर विसंबून कोणाला शिक्षा देता येत नाही, असे निकालात आले. तिघेही सुटले.

आता गहिनीनाथाच्या पत्नीने, कौतिकाबाईने, त्या सुटकेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील केले आहे. तिच्या वकीलबाईंचा मला निरोप आला: "शास्त्रीबुवा, उशीर का झाला याचे खरे कारण लिहून द्या. तुम्हांला पुन्हा साक्षीला बोलवावे असा अर्ज त्यावर करता येईल. न्यायालय तो मानेल की नाही, सांगवत नाही. पण याखेरीज आपल्या हाती काही नाही." उद्या सकाळी तालुक्याला जाऊन शपथेवर सही करायची आहे. मजकूर न्यायला कौतिकाबाई आज दिवेलागणीला येईल. गावात मी चाळीस वर्षे पुराण सांगितले आहे. खरे कारण लिहिणाऱ्याला त्या पाटावर पुन्हा बसता येणार नाही. म्हणून कागद कोरा आहे.

पापण्यांच्या आत ऊन तांबडे होते, मग पिवळसर, मग पाण्याच्या रंगाचे. पडवीच्या पायरीवर लाट आपटल्याचा आवाज येतो.

"हलक्या पायानं चढा, बाबा. डुलती ती."

गहिनीनाथ पायरीला नाव टेकवून उभा आहे. खांद्यावर पंचा, धोतराचा काचा मारलेला. कपाळावर जिथे घाव होता तिथले केस ओले आहेत, नुकतेच विंचरल्यासारखे. नदी माझ्या घरापासून अर्ध्या कोसावर आहे, हे मला ठाऊक आहे. ती पडवीला लागली आहे, याचे आश्चर्य वाटत नाही.

"तू गेलास ना रे?" मी विचारतो.

"गेलो की. तुमीच तर तेराव्याचं समदं सांगितलं कौतिकीला, पाटीवर लिवून. पिंड किती, तीळ किती, कावळा न्हाई शिवला तर काय करायचं." तो हसतो. त्याच्या हसण्यात डूख नाही, म्हणूनच ते सोसत नाही. "मारणारं कोण, तेवढंच लिवायचं ऱ्हायलं."

मी नावेत बसतो. तळाशी पाणी साचले आहे आणि त्यात माझी पावले मला फार लहान दिसतात. गहिनीनाथ लांब बांबू पाण्यात रोवतो. अंगण मागे सरकते, तुळशीवृंदावन मागे सरकते, आणि त्यानंतर मागे सरकायला काही उरत नाही.

पाणी निवळ आहे. खाली सत्र न्यायालयाची बाके दिसतात. छताचे पंखे आमच्या खालून संथ फिरत आहेत आणि त्यांच्या पात्यांना शेवाळ लागले आहे. नावेच्या टोकाला साक्षीदाराचा कठडा आहे. मी त्यात उभा आहे. बसलेला केव्हा उठलो ते आठवत नाही. कोणीतरी पुकारा करतो, पण पुकाऱ्यात माझे नाव नाही. "साबुदाणा अर्धा किलो, हाजिर है?"

गहिनीनाथ खळखळून हसतो. "हाजिर हाये, साहेब! निवडक हाये!"

"थट्टा करू नकोस," मी म्हणतो.

"थट्टा न्हाई, बाबा. हिशेब सोपा हाये. साबुदाण्याला चार अक्षरं लागतेत, अंकुशला तीन. आमी अडाणी माणसं, पर एवढं मोजता येतं."

मला सांगायचे असते की उपवास होता, घरात काही नव्हते, चिठ्ठीवाचून अप्पांना कळले नसते. हे सर्व खरे आहे. ते एकामागून एक ओठांपर्यंत येते आणि प्रत्येक खरी गोष्ट दातांशी आल्यावर हलकी होते, फोलासारखी, आणि वाऱ्यावर निघून जाते. पाण्याखालचे पंखे थांबतात.

मी घाटाच्या सातव्या पायरीवर बसलो आहे. उजव्या तळहातात आचमनाचे पाणी. सकाळ कोवळी आहे. गहिनीनाथ माझ्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसतो, खेळ पाहायला आलेल्या माणसासारखा.

"बघा," तो म्हणतो.

खाली वाळूत चार माणसे आहेत. त्यांतला एक तोच आहे, हा जो माझ्या शेजारी बसला आहे. आवाज नाही. काठ्या वर जातात, खाली येतात, आणि प्रत्येक वेळी पलीकडच्या काठावरचा एक बगळा उडतो. सारे बगळे उडून गेल्यावर तिघे उभे राहतात. दोघे बैलगाडीच्या वाटेने निघून जातात. अंकुश पायऱ्या चढून वर येतो.

हे मी कोणाला सांगितलेले नाही. पोलिसांना नाही, न्यायालयात नाही, स्वर्गवासी पत्नीच्या तसबिरीपुढेही नाही.

अंकुश माझ्यासमोर वाकतो. ओल्या हातांनी माझ्या पायांना स्पर्श करतो. "बाबांचं मौन हाये," तो म्हणतो. "लई पुण्याचं काम. मोडू नका." आणि वाकलेलाच राहतो, वाट पाहत.

माझा हात उठतो. त्याच्या मस्तकावर उठतो.

"आशीर्वाद काय दिला?" गहिनीनाथ शेजारून विचारतो. खरोखरच जाणून घ्यायचे असल्यासारखा.

"मौन होते."

"हातानं दिला की."

अंकुश नाही. वाळू स्वच्छ आहे, कोणी झाडून काढल्यासारखी. मी बोलू पाहतो आणि जीभ हलत नाही. हात उचलू पाहतो, तोही हलत नाही. मान, डोळे, सगळे जिथल्या तिथे. अंगावरून मुंगी चालावी आणि ती सालीवरून चालते आहे असे वाटावे, तसे मला स्वतःचे अंग लागते. मी न्यायालयात ज्याचे नाव घेतले होते ते व्रत मला आता लागले आहे.

गहिनीनाथ माझ्याकडे कितीतरी वेळ पाहतो. "असं असतंय व्हय ते?" तो हळूच म्हणतो. "लई अवघड दिसतंय."

त्याला दया आली आहे. मारल्या गेलेल्या माणसाला माझी दया आली आहे. तो उठतो, माझी बोटे एकेक करून उलगडतो आणि त्यांत बांबू देतो. जुना, उन्हापावसाने चिरलेला बांबू.

"बोलू नका. नाव ढकला. ही काय व्रताची गोष्ट न्हाई, जोराची हाये."

पुन्हा नाव, पुन्हा पाणी. मी आयुष्यात कधी बांबू रोवलेला नाही. नदीचा तळ खोल आहे, आणि जिथे टेकतो तिथे गाळ धरून ठेवतो. मी छातीचा भार टाकून ढकलतो. नाव हलत नाही. पुन्हा ढकलतो. आतून काही तुटते आणि माझ्या तोंडातून आवाज फुटतो, माझा नव्हे, त्याचा, त्या सकाळचा:

"शास्त्रीबाबा!"

नाव सुटते.

"ही पयली," तो म्हणतो.

"दोन होत्या," मी म्हणतो. आवाज आता माझा आहे. "दोन हाका. मी वळलो नाही. मी तळहातातल्या पाण्याकडे पाहत राहिलो. मी भ्यालो होतो, गहिनीनाथा. व्रत होते म्हणून नव्हे. व्रत नसते तरी मी भ्यालो असतो. व्रत होते म्हणून भय झाकता आले."

"तीन होत्या."

"तिसरी ऐकली नाही मी."

"तिसऱ्या बारीला दम कमी होता." तो पाण्याकडे पाहतो. "आन् तिसरी मदतीसाठी नव्हती. 'बाबा, सरा तिथून' म्हनलो. ते तिघं वर बघतील असं वाटलं."

बांबू हातात जड होतो. काठ जवळ येतो, आणि काठावर अंगण आहे, अंगणाच्या मधोमध ऊन.

"हे लिहू का मी? ही तिसरी हाक?"

"सपनात ऐकलेलं कोरटात चालतंय व्हय?" तो म्हणतो, आणि पहिल्यांदाच त्याच्या स्वरात जुना, ओळखीचा खट्याळपणा येतो. "पुन्हा एकदा अप्पाला बोलावतील. दोनच लिवा. दोन तुमी ऐकल्या."

"तुझ्या घरी काही निरोप?"

तो पंचाने तोंड पुसतो. पुसून झाल्यावर पंचामागे तोंड नाही, ऊन आहे.

डोळे उघडतात. ऊन पडवीच्या खांबापर्यंत सरकले आहे. उजव्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी, ठणका आहे. मी हात प्रकाशात धरतो. कातडीत एक पिवळट कुसळ शिरले आहे, तिळापेक्षा लांब, आत तिरके गेलेले. चटई लव्हाळ्याची आहे. त्या हाताने सकाळपासून मी पळी आणि पोथी यांखेरीज काही धरलेले नाही.

ते काढायला माझी नजर पुरत नाही. मी तसाच लेखणी धरतो. कुसळ नेमके तिच्या टेकूच्या जागी येते, आणि प्रत्येक अक्षराला टोचते. 'मी काष्ठमौन पाळत असल्याचे न्यायालयात सांगितले, ते असत्य होते. गहिनीनाथ भोई यांनी मला दोनदा हाक मारली. मी भयाने वळलो नाही. त्यानंतर अंकुश माझ्या पाया पडला आणि मी त्याच्या मस्तकावर आशीर्वादाचा हात धरला.' एवढे लिहायला मला दिवेलागण होते.

कौतिकाबाई येते ती पायरीवरच बसते. मी कागद पुढे करतो.

"मला वाचता येतं, बाबा," ती म्हणते. "पर तुमीच वाचा. तुमच्या तोंडानं."

मी वाचतो. हाकांचे वाक्य येते तेव्हा ती पदर तोंडाशी नेते. आशीर्वादाचे वाक्य येते तेव्हा पदर खाली येतो आणि ती माझ्याकडे पाहते. चार वर्षांत तिने माझ्याकडे असे पाहिले नव्हते, आणि याहून हळुवार पाहावे अशी माझी योग्यता नाही.

"तवाच बोलला असता तर," ती म्हणते, आणि पदर कमरेला खोचते. नंतर कोरडेपणाने, "सकाळी सातची यष्टी हाये. आंघोळीत वेळ लावू नका."

कागद घेताना तिचे लक्ष माझ्या हाताकडे जाते. ती पोलक्याला टोचलेली पिन काढते, माझा हात दिव्याजवळ ओढते, आणि मासे साफ करणाऱ्या सराईत बोटांनी कुसळ वर आणते. दुखते. ती ते स्वतःच्या नखावर घेऊन उजेडात फिरवते, बराच वेळ.

"हा तर नावंचा बांबू हाये," ती म्हणते. "आमची नाव चार सालापासून ठाण्यामागं पालथी पडली, पुराव्यात. तुमी कवा धरला?"

"दुपारी," मी म्हणतो.

कुसळ ती कागदाच्या घडीत ठेवते, घडी पोलक्यात खोचते, आणि अंगणातून निघून जाते.