जड चिप्स की हलक्या?

मंडळी, आज नाहूरला आमच्या घरी पोकर रंगला. पैसे लावत नाही आम्ही. हरेल त्याने बांगडे साफ करायचे.

माझा मित्र संदीप डावावर लावायच्या नव्या क्लेच्या, म्हणजे मातीच्या चिप्स घेऊन आला. हातात मस्त जड, किंचित खरखरीत, एकीवर एक ठेवली की टक्क आवाज. आमच्या प्लॅस्टिकच्या त्यांच्यापुढे बाटलीची झाकणं!

पण खेळ थंडच पडला ना यार. त्या चिप्स पुढे टाकायला कोणाचा हातच होईना.

आई म्हणाली, "जड वस्तू सोडूक जीव होना नाय रे." तिने प्लॅस्टिकच्या चिप्सचा डबा आणला आणि स्वतःच खेळायला बसली. तिने सगळ्या चिप्स पुढे लोटल्या. मीही हसत लोटल्या आणि हरलो.

आता फोनलाही बांगड्याचा वास येतोय, पण रविवार झकास गेला. तुम्हाला कुठल्या आवडतात, जड की हलक्या? आईला कुठल्या आवडतात ते मला कळलंय.