तुलनेच्या गटातल्या बाई

शाळेतली मुलं शास्त्राच्या बाईंना ‘परीक्षानळी’ म्हणत आणि भूगोलाच्या बाईंना ‘पृथ्वी’. ही नावं मुळात कोणी ठेवली ते कळायला मार्ग नव्हता. एका तुकडीकडून पुढच्या तुकडीकडे ती आपोआप जात. शास्त्राच्या बाई उंच, सडसडीत, वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीच्या. भूगोलाच्या बाई सगळ्या बाजूंनी गोल, आणि शिकवता शिकवता स्वतःभोवती फिरायची त्यांना सवय. दोघींनाही आपापली नावं माहीत होती.

“तुझ्यापेक्षा माझं बरं,” भूगोलाच्या बाई म्हणायच्या. “मी निदान हातातून पडून फुटत नाही.”

नोकरीला लागल्यापासून शिक्षकांच्या खोलीत खिडकीजवळचं टेबल या दोघींचं. जेवणाचे डबेही त्यांनी एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेले, अगदी जुळे. फरक इतकाच की भूगोलाच्या बाईंच्या डब्याच्या झाकणाला एक पोचा होता, जिन्यावरून पडल्याचा. डबा पडला होता की बाई, हे त्यांनी कधी नीट सांगितलं नाही.

मग एका सभेत मुख्याध्यापिकांनी जाहीर केलं की भूगोलाच्या बाई या सत्राअखेर स्वेच्छेने निवृत्त होऊन मुलाकडे राहायला जाणार आहेत, नातवाला सांभाळायला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शास्त्राच्या बाईंनीही वाजवल्या. कशासाठी वाजवतोय हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा इतरांच्या थांबल्या होत्या.

सभा संपली तशी त्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “मला आधी सांगायला तुझं तोंड शिवलं होतं का?”

“सांगणारच होते गं. तुझा चेहरा असा होणार हे माहीत होतं, म्हणून आज-उद्या करत राहिले.”

“माझ्या चेहऱ्याला काय झालंय? जा ना, खुशाल जा. इथे कोणाचं अडलंय तुझ्यावाचून?”

हे वाक्य गणिताच्या सरांसकट सगळ्या खोलीने ऐकलं. भूगोलाच्या बाई ताडकन उठल्या. डबा बंद केला, पिशवीत टाकला आणि त्या दाराजवळच्या टेबलावर जाऊन बसल्या. घाईत झाकणांची अदलाबदल झाली होती. त्या दिवसापासून पोचा पडलेलं झाकण शास्त्राच्या बाईंकडे आलं. ते त्यांच्या डब्याला घट्ट बसेना आणि रोज पिशवीत तेल उतरे.

शास्त्राच्या बाई लग्न न केलेल्या, धाकट्या भावाच्या घरी राहणाऱ्या. भावजय स्पष्टवक्ती. “वन्सं,” ती पिशवी धुताना म्हणाली, “दोन म्हाताऱ्या बायका झाकणावरून भांडतात हे मी पहिल्यांदाच बघतेय.”

“झाकणावरून नाही भांडलो.”

“मग ते परत करायला काय हरकत आहे?”

हे मात्र बाईंना पटलं. दुसऱ्या दिवशी झाकण धुऊन, पुसून, रुमालात गुंडाळून त्यांनी पिशवीत ठेवलं. काय बोलायचं तेही ठरवलं. ‘हे तुझं झाकण,’ एवढंच. पुढचं आपोआप येईल. इतक्या वर्षांत पुढचं कधी ठरवावं लागलं नव्हतं.

पण त्याच दिवशी विद्यापीठातून मानसशास्त्राची मंडळी आली.

शाळेत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या माणसांवर किती ताण असतो आणि तो कशाने कमी होतो, याचा त्यांना अभ्यास करायचा होता. “ताणच मोजायचाय ना?” गणिताचे सर म्हणाले. “मग पालकसभेला या. तुमची यंत्रं जळतील.” एका मोठ्या मॅडमनी पाच मिनिटं माहिती दिली आणि त्या निघून गेल्या, पुढचं सगळं एका तरुण संशोधक मुलीवर सोपवलं. तिने प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधला. सकाळी उठल्याबरोबर छोट्या नळीत लाळ घेऊन ठेवायला आदल्या दिवशीच सांगितलेलं होतं. त्या नळ्या तिने गोळा केल्या. शास्त्राच्या बाईंनी आपली नळी आणताना बर्फात ठेवून आणली होती. ती मुलगी बघतच राहिली.

मग चिठ्ठ्या काढल्या. अर्ध्या लोकांनी रोज मधल्या सुट्टीनंतर वरच्या संगीताच्या खोलीत डोळे मिटून बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं, आणि घरी करायला मिळेल तो गृहपाठ करायचा. भूगोलाच्या बाई या गटात गेल्या. शास्त्राच्या बाईंच्या चिठ्ठीवर होतं, ‘तुलना गट’.

“तुम्ही काहीच करायचं नाही, बाई,” संशोधक मुलगी गोड हसून म्हणाली. “जसं चाललंय तसं चालू द्या. सत्र संपेपर्यंत नवीन काही सुरू करू नका, असलेलं बंद करू नका. शेवटी परत नमुना घेऊ.”

बाईंचा हात पिशवीतल्या रुमालावर होता. तो त्यांनी बाहेर काढून घेतला, रिकामा.

इथे एक सांगायला हवं. दर वर्षी सातवीच्या वर्गाला शास्त्राच्या बाई घेवड्याच्या दोन रोपांचा प्रयोग दाखवत. एक कुंडी खिडकीत, दुसरी प्रयोगशाळेतल्या कपाटात, दार बंद. पाणी दोघांना सारखं. आणि मुलांना सक्त ताकीद: कपाटातल्या रोपाची कितीही कीव आली तरी दार उघडायचं नाही. ते तसंच राहिलं तरच खिडकीतल्या रोपाला काय मिळालं ते कळतं. दर वर्षी कोणीतरी दार किलकिलं करून ठेवायचं, आणि रोप त्या फटीकडे मान वाकडी करून बसलेलं सापडायचं. दर वर्षी बाई सगळ्या वर्गाला फैलावर घ्यायच्या. गुन्हेगार कधी मिळाला नाही.

आता चिठ्ठी हातात घेऊन त्यांना कळलं की कपाटातली कुंडी आपण आहोत.

जसं चाललंय तसं. पण काय चाललंय? वीस-पंचवीस वर्षांची मैत्री चालली होती, की गेल्या आठवड्यापासूनचा अबोला? बाईंनी प्रश्नाकडे शास्त्रीय पद्धतीने पाहिलं. पहिला नमुना आजच सकाळी दिला, म्हणजे तो अबोल्यातला. आता बोलणं झालं, मन हलकं झालं, तर शेवटचा आकडा खाली येईल. मग त्या बिचाऱ्या मुलीला वाटेल, काही न करणाऱ्यांचाही ताण उतरतो, म्हणजे श्वासाचा काही उपयोग नाही. एका झाकणापायी सगळा अभ्यास चुकीच्या वाटेला जाईल. आणि बोलणं फिसकटलं तर? तर आकडा वर जाईल. तेही चूकच.

यात कुठे भोक आहे का, हे त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं. सापडलं नाही. मग एक नको असलेला विचार मनात आला: हे गणित जमतंय म्हणून तुला बरं वाटतंय का? आधी बोलावं लागत नाही म्हणून? झाकण घेऊन त्या घरी आल्या.

“दिलं?” भावजयीने विचारलं.

“सत्र संपल्यावर.”

“सत्र संपल्यावर तर त्या जाणार ना!”

“मला आत्ता काही बदलायची मुभा नाही गं.”

भावजयीने डोक्याला हात लावला. पुढे पुढे तर घरात कहरच झाला. बाईंच्या खोलीचे विटलेले पडदे बदलायला घेतले, तर बाई म्हणाल्या, राहू देत. भाची पोहायला शिकत होती, ती म्हणाली, “आत्या, चल ना माझ्याबरोबर.” तर आत्या म्हणाली, प्रयोग संपल्यावर. कित्येक वर्षं उजव्या कुशीवर झोपणाऱ्या बाईंना एकदा डावीकडे वळल्यावर जाग आली आणि हे नवीन काही सुरू केलं का, अशी शंका येऊन त्या परत वळल्या. शेवटी गळणारी पिशवी धुऊन कंटाळलेल्या भावजयीने वरवंट्याने ठोकून ते झाकण नणंदेच्या डब्याला घट्ट बसवलं. बाई ओरडल्या, पण तोवर उशीर झाला होता.

शाळेत भूगोलाच्या बाई वरून खाली यायच्या त्या शांत चेहऱ्याने. शिपायाकडे बघून हसायच्या, मुख्याध्यापिकांकडे बघून हसायच्या, पाण्याच्या पिंपाकडे बघूनही हसायच्या. आणि एक दिवस शास्त्राच्या बाईंकडे बघून हसल्या. तंतोतंत तेवढंच. पिंपाला मिळालं तेवढंच.

आजवर ती रागावली आहे असं बाईंनी धरलं होतं. राग असला की निदान आपण तिच्या मनात असतो. हे हसणं कसलं? श्वास मोजता मोजता हिच्या मनातून आपण उतरून गेलो का? म्हणजे तो उपाय लागू पडला म्हणायचा. मग त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे? प्रयोग यशस्वी होतोय. प्रयोग यशस्वी व्हावा म्हणूनच तर आपण गप्प बसलोय. त्या प्रयोगशाळेत जाऊन बसल्या आणि धुतलेल्या परीक्षानळ्या परत धुऊ लागल्या.

सत्राचा शेवटचा आठवडा लागला. दोन रोपांचा निकाल वर्गाला दाखवायचा होता. आधी आपण बघून ठेवावं म्हणून शाळा सुटल्यावर बाई प्रयोगशाळेत शिरल्या, तर कपाटापाशी कोणीतरी पाठमोरं उभं. ती पाठ ओळखायला दिवा लावायची गरज नव्हती. भूगोलाच्या बाईंनी कपाटाचं दार हळूच बोटभर उघडलं, आत वाकून बघितलं, आणि तसंच ठेवलं.

“तू?” शास्त्राच्या बाईंच्या तोंडून निघून गेलं.

भूगोलाच्या बाई दचकून गर्रकन फिरल्या.

“इतकी वर्षं ते तू करत होतीस?”

“मग काय करू? मला बघवत नाही.” त्या आधी ओशाळल्या, मग चिडल्या. “एवढंसं रोप. त्याने तुझं काय घोडं मारलं होतं? जाता जाता जरा फट ठेवायचे.”

“अगं, मी मुलांना रागावत होते! सगळ्या वर्गाला उभं करत होते!”

“ते ऐकू यायचं मला शेजारच्या वर्गात. मी माझ्या मुलांना म्हणायचे, लक्ष देऊ नका, तो ज्वालामुखी आहे.”

हसावं की चिडावं हे शास्त्राच्या बाईंना ठरवता येईना. तेवढ्यात भूगोलाच्या बाईंनी हात पुढे केला. “माझं झाकण कुठाय?”

“ते… माझ्या डब्यावर. तू माझ्याशी बोललीस.”

“कोणीतरी बोलायला नको? तू तर मूग गिळून बसलीस. मी म्हटलं, एक दिवस रागावेल, दोन दिवस रागावेल. सत्र संपत आलं तरी बाईसाहेब गप्प! जन्माचं वैर धरलंस का गं?”

“मी तुलनेच्या गटात होते.”

“कुठे?”

बाईंनी सगळं सांगितलं. पहिला नमुना, आकडा, कुंडी. पिशवीतून काढलेला रिकामा हात. सांगताना त्यांचं त्यांनाच ते कधी बरोबर वाटे, कधी वेड्यासारखं. भूगोलाच्या बाई ऐकत ऐकत स्टुलावर बसल्या आणि इतक्या हसल्या की त्यांच्या मनगटावरचा पट्टा कुईं कुईं करायला लागला.

“आणि मला वाटलं, तू मला विसरलीस,” शास्त्राच्या बाई म्हणाल्या. “त्या पिंपाकडे बघून हसत होतीस तशी माझ्याकडे हसलीस.”

“तो गृहपाठ होता! रोज समोर येईल त्याच्याकडे बघून हसायचं. तुझ्या वेळेला केवढे कष्ट पडले मला. आणि वर बसून काय कप्पाळ शांत होणार? ती मुलगी म्हणे, विचार येतील, ढगासारखे जाऊ द्या. माझ्या डोळ्यांपुढे तुझं ते झाकण. ते कुठलं जातंय!”

मग शास्त्राच्या बाई म्हणाल्या, “जाऊ नकोस.” हे त्यांना सभेनंतर लगेच म्हणायचं होतं.

“जायला हवं गं. पोराची ओढाताण होते.” भूगोलाच्या बाईंनी त्यांचा हात धरला. “पण तू आधी म्हणाली असतीस, तर मला जायला सोपं गेलं असतं. का जड गेलं असतं कोण जाणे. मलाही कळत नाही.”

दुसऱ्या दिवशी झाकण परत करायला काढलं, पण भावजयीने ठोकल्यामुळे ते आता भूगोलाच्या बाईंच्या डब्याला बसेना. जे जिच्याकडे आहे ते तिच्याकडेच राहू द्यायचं ठरलं.

भूगोलाच्या बाईंच्या शेवटच्या दिवशी निरोपाचे फुलांचे गुच्छ एका टेबलावर आणि नमुन्यांच्या नळ्या दुसऱ्या टेबलावर, अशी शिक्षकांच्या खोलीची स्थिती होती. शास्त्राच्या बाई संशोधक मुलीपुढे उभ्या राहिल्या. “तुमचा अभ्यास माझ्याकडून बिघडला,” त्या म्हणाल्या. “शेवटच्या आठवड्यात मी बोलले.”

मुलीला आधी काही समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा चेहरा पडला. “म्हणजे बाई, तुम्ही एवढे दिवस आमच्यामुळे… अहो, तसं नव्हतं हो म्हणायचं! नवीन व्यायाम वगैरे सुरू करू नका, एवढंच. तुम्ही विचारायचं तरी!”

“कपाटातली कुंडी विचारत नाही,” बाई म्हणाल्या. आणि ते बरोबर नव्हतं हे त्यांना म्हणता म्हणताच कळलं. त्यांना विचारता येत होतं.

“आता हे मी कुठे लिहू?” मुलगी स्वतःशीच पुटपुटली. तिने हातातली नळी पुढे केली. “नमुना तरी द्या. सकाळचा आणला नाहीत ना? आत्ताचा चालेल. चालेल असं वाटतं.”

बाईंनी नळी घेतली. दारात भूगोलाच्या बाई सगळ्यांचा निरोप घेत उभ्या होत्या. गणिताच्या सरांकडे बघून हसत होत्या, शिपायाकडे बघून हसत होत्या. मग त्यांनी इकडे पाहिलं. या वेळी मात्र त्यांना हसता आलं नाही.

शास्त्राच्या बाईंनी नळी तोंडाशी नेली आणि थांबवली.

“एक विचारू?” त्या संशोधक मुलीला म्हणाल्या. “यात डोळ्यांतलं पाणी मिसळलं तर चालतं का?”

मुलीने हातातले कागद उलटेपालटे केले. “माहीत नाही हो, बाई,” ती म्हणाली. “थांबा, मोठ्या मॅडमना फोन करून विचारते.”