घासलेलं झाकण

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मिक्सर जोडायचा गाळा आहे. माझ्या गळ्यातल्या कार्डावर 'हेल्पर', सरांच्या कार्डावर 'प्रॉडक्ट ओनर', म्हणजे मालाची सगळी जबाबदारी त्यांची. माझी शाळा नववीत सुटलेली, घर लांब हिंगोलीकडे. गळ्यात कार्ड आहे, याचंच मला अप्रूप.

चटणीच्या भांड्याचं नवं झाकण निघालं, त्याचा पहिला नमुना जोडायला माझ्याकडे आला. झाकण घट्ट, फिरेचना. दुपारी सर बघणार. पहिल्यांदाच असं काम मिळालेलं, नापास होऊ नये म्हणून मी पॉलिशपेपरने कड घासली. मस्त बसलं. सरांनी दोनदा फिरवलं, स्टिकरवर सही केली. सही झालेला नमुना कपाटात जातो आणि पुढचा सगळा माल त्याच्याशी ताडून घेतात, हे मला ठाऊक होतं. तरी गप्प बसले.

पंधरा दिवसांनी झाकणांची खोकी आली. एकही फिरेना. झाकणं बनवणारे काका गोवंडीहून धावत आले.

"काका, सगळं परत न्या," सर म्हणाले. "पुढचं काम मी दुसऱ्याला देतो."

"साहेब, साचा तोच आहे हो! नमुनापण त्यातलाच."

मला या कामावर चिकटवणारी ताई शेजारच्या बाकावरून कुजबुजली, "तुला कशाला घाम फुटलाय गं? ओनर तू आहेस काय?"

काका खोकं उचलायला वाकले आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, तो नमुना मी घासलाय."

सर नमुना उजेडात धरून कड बघत राहिले. "किती घासलास?"

"कळेल इतका नाही, सर."

ताई फिसकन हसली.

"हो, मला कुठे कळला!" सर म्हणाले. "काका, थांबा. चूक आमची आहे."

'आमची' म्हणाले. त्या शब्दाचे उपकार मी विसरणार नाही.

साचा दुरुस्त होऊन दुसरा नमुना आला. सरांनी तो माझ्यापुढे ठेवला, सोबत स्टिकर. "आधी तू सही कर."

"सर, मी हेल्पर."

"ते कार्ड राहू दे. भांड्यात पाणी भरून गळतं का बघ, मग कर."

हजेरीच्या वहीशिवाय मी कुठे सही केली नव्हती. केली, आणि तेव्हापासून जिवाला चैन नाही. रोज चहाच्या सुट्टीत कपाट उघडते, झाकण फिरवून बघते. काल ताई ओरडलीच, "अगं, किती फिरवशील? झिजेल ना ते!"

मी चटकन हात काढून घेतला.