बिमलाच्या पावलाचे माप

कौसल्याबाई वानखडे यांची आणि माझी पहिली भेट अनसिंगच्या शाळेत झाली, आणि त्या भेटीत बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलेच नाही. मी नवी शिक्षिका म्हणून रुजू व्हायला गेले होते, आणि बाईंची नजर थेट माझ्या पायांकडे. "मॅडम, चपलेले पिन कायले लावली? जा, शिवून आना आधी. तुमच्या वर्गाची हजेरी मी घेतो." पहिल्याच दिवशी असा पाणउतारा! राग आला होता, हे आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त कबूल करते.

पुढे कारण कळले. बाई लहानपणी वस्तीवरून शाळेत अनवाणी येत. त्यामुळे पुढे शाळेत शिकवताना प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटत, तेव्हा बाई रांगेतले पाय पाहत फिरत. ज्याचे पाय उघडे, त्याच्या पायात आठवडाभरात काहीतरी येई. कुठून आले, हे विचारायची सोय नव्हती.

निवृत्तीनंतर बाईंनी एका संस्थेमार्फत नेपाळमधल्या बिमला नावाच्या मुलीच्या शिक्षणाचे पालकत्व घेतले. आपल्या भागातून दरवर्षी लुंबिनीच्या दर्शनाला गाडी जाते. त्या गाडीबरोबर बाई पत्र आणि शाळेचे बूट पाठवत. संस्थेचा माणूस ते लुंबिनीत घेई आणि पुढल्या बुटांसाठी बिमलाच्या पावलाचा पेन्सिलीने आकार काढलेला कागद देई. बाईंनी ते सगळे कागद फायलीत लावून ठेवले होते.

अकरा वर्षांपूर्वी आलेला कागद बाईंनी जुन्या कागदावर ठेवला आणि मला बोलावून घेतले. "पाहा बरं. पोरीचा पाय लहान होऊन राह्यला." मी म्हणाले, कागद हलला असेल. बाई म्हणाल्या, "आन अंगठ्यापेक्षा लांब बोट व्हतं तिचं, ते बी हललं काय?" संस्थेने कळवले की मुलगी आठवीत शिकते आहे, सर्व ठीक आहे. बाईंचे समाधान झाले नाही. पुढल्या वर्षीच्या गाडीत त्या स्वतः बसल्या, शेजारी मी, आणि मांडीवर ती फाईल.

लुंबिनीत वंदना झाल्यावर मंडळी पुढे निघाली. आम्ही दोघी मागे राहिलो आणि जीपने बिमलाच्या गावी गेलो. मला मनातून धाकधूक होती. परका मुलूख, आणि बाईंचे हिंदी म्हणजे वऱ्हाडीलाच दिलेले नवे कपडे.

अंगणात बिमलाची आई आणि धाकटी बहीण होती. धाकटीच्या पायात आमचे बूट. तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक उंच मुलगी अनवाणी आली. तिने भारा खाली टाकताच बाई तिच्यापुढे जमिनीवर बसल्या. "पाव रख, बेटी." जुना कागद पावलाशेजारी धरला. अंगठ्याशेजारचे ते लांब बोट!

आई रडू लागली. नवरा कामासाठी आखातात, सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून बिमलाला दीड वर्षापूर्वी शाळेतून काढले होते. मदत धाकटीला तरी मिळावी, म्हणून कागदावर तिचे पाऊल. "आप शिकायत करेंगी, तो दोनों का बंद हो जाएगा," ती म्हणाली.

"मैं बंद करने नई आई," बाई म्हणाल्या. "छोटी का भी मैं देखती. पर बडी को वापस शाळा में भेजो."

"गाय का घास कौन लाएगा? आप पढ़े-लिखे लोग, आपको क्या मालूम!"

सुटलेला भारा बाईंनी ओढला, मूठभर गवताचा पीळ घातला, गुडघ्याने दाबून भारा आवळला आणि डोक्यावर घेऊन गोठ्यात नेऊन ठेवला. पासष्टीच्या बाई! परत येऊन म्हणाल्या, "मैं सुबू घास काटके शाळा में जाती थी. मेरी मायने छुडाया नई."

ती माउली बाईंच्या डोक्यातले गवत पाहत राहिली. मग हसली आणि म्हणाली, "इतवार से जाएगी."

बाईंचा चेहरा पडला. माझ्या कानाशी लागल्या, "फसवून राह्यली हे. इतवारले शाळा असते काय?" तिकडे सुट्टी शनिवारी असते, हे बिमलाने समजावले तेव्हा बाईंनी भर अंगणात तिला मिठी मारली. इतक्या वर्षांच्या सहवासात मी त्यांना रडताना एवढेच पाहिले.

आज बिमला रुग्णालयात परिचारिका आहे आणि धाकटी कॉलेजात. यंदा लुंबिनीहून परतलेल्या गाडीतून बिमलाचे पत्र आले, सोबत कोरा कागद. "बाई, अब आपके पाँव का नाप भेजिए."

बाईंनी आधी नाटके केली. "माह्या भेगाळल्या पायाचं काय चित्र काढता?" पण पाऊल ठेवले. माप मी काढले. माझी तुटकी चप्पल पकडणाऱ्या बाईंपुढे जमिनीवर बसण्याचा मान मला मिळाला, याचा मला अभिमान वाटतो. आता आपल्या या सोहळ्याला बूट घेऊन बिमला स्वतः वाशीमला येते आहे.

बाई, तुम्हाला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. हा जोड चालून चालून झिजवा. मग नव्या जोडाच्या मापासाठी कागद-पेन्सिल घेऊन मी येतेच.