आपापला माळा

निजामाच्या अमलात परभणीच्या आमच्या शाळेची फुटबॉल टीम दर सामन्याला हरायची. गोलात मी उभा असायचो, म्हणून सगळ्यांचा राग माझ्यावरच निघायचा. माझ्यापुढं बॅकला, म्हणजे बचावाला खेळणारी पोरं खेड्यांतली, हुतूतूवर वाढलेली. समोरचा गडी चेंडू घेऊन आला की सगळी मिळून त्याला घेरायची. तो निवांत दुसऱ्याकडे चेंडू द्यायचा आणि गोल व्हायचा. ड्रिलचे मास्तर उर्दूत ओरडून थकले.

एकदा मी पेडगावच्या बॅकला धरलं. "जवारी राखताना शेजाऱ्याच्या रानात पाखरं उतरली, तर तू आपला राखणीचा माळा सोडून पळतोस का?"

"कशाला? तवर माझं रान खातील की."

"मग हितं काय करायलास?"

तो ओशाळून हसला. त्यानंच बाकीच्यांना उभं राहायच्या जागा वाटून दिल्या.

पुढच्या सामन्यात कुणी आपली जागा सोडली नाही. चेंडू माझ्यापर्यंत येईचना. मी गोल मोकळा टाकून कडेच्या खांबाला टेकून मजेत उभा राहिलो. तेवढ्यात पेडगावच्या गड्यानं मागं वळून माझ्याकडं पाहिलं.

"अन् तू हितं काय करायलास?"