मी पुसलेलं दार

अमेरिकेत कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही, असं मला निघण्यापूर्वी ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांतलं कुणीही अमेरिकेला गेलेलं नव्हतं. मिरजेच्या हायस्कुलात एकतीस वर्षं चित्रकला शिकवून मी नुकतीच रिटायर झाले होते. धाकटी बहीण शालू नवरा आणि लहान मुलीबरोबर न्यू जर्सीत राहायची. तिनं तिकीट पाठवलं आणि "अक्का, नाही म्हणालीस तर बघ" असा दमही भरला. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गावाचं नाव लिहीत नाही, कारण शालूच्या नवऱ्यानं मला शपथ घातली आहे.

हा नवरा म्हणजे वसंतराव. इंजिनिअर, बारा वर्षं अमेरिकेत, आणि एवढ्या काळात या देशात त्यांना एकही दोष सापडलेला नाही. विमानतळावरून घरी नेताना रस्ते, पूल, गवत सगळं त्यांनी स्वतः बांधल्यासारखं दाखवलं. "अक्का, इथे फक्त मेरिट बघतात. जात नाही, पात नाही. काम करा, टॅक्स भरा, कुणी तुमच्याकडे बोट दाखवणार नाही."

घर खरंच सुरेख होतं. पुढे ड्राइव्हवे (गाडी आत घ्यायचा रस्ता) आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या दाराचं गॅरेज.

"समोर कोण राहतं हो?" मी विचारलं.

"आहे एक काळी बाई. आपला तसा संबंध येत नाही."

मध्ये रस्ता होता वीस पावलांचा. या घरात येऊन सहा वर्षं झाली, तरी तेवढा ओलांडायला यांना सवड झाली नव्हती, बिचारे बिझी असतात.

पहिला आठवडा हिंडण्यात गेला. न्यू यॉर्कला जाऊन मशालवाल्या बाईंचा पुतळा पाहिला. उंचावलेल्या हाताचं प्रमाण उत्तम आहे, मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. शुक्रवारी आयसेलिनच्या भारतीय दुकानांत जाऊन रवा, काजू, विड्याची पानं आणली, कारण शनिवारी माझ्या येण्यानिमित्त सत्यनारायण होता. चाळीस माणसं यायची होती.

शनिवारी सकाळी रांगोळी काढायला मी बाहेर आले आणि दारातच थांबले. गॅरेजच्या पांढऱ्या दारावर काळ्या रंगाच्या फवाऱ्यानं भलंमोठं वर्तुळ काढलं होतं, त्यात फुली, आणि खाली दोन शब्द. त्यांचा अर्थ एवढाच, की चालते व्हा आपल्या देशात. रंग ओघळून वाळला होता.

मी हाक मारली तसे वसंतराव पायजम्यावरच आले. बोटानं रंग खरवडून पाहिला. मग म्हणाले, "पोरांचा चावटपणा." थोड्या वेळानं दुसरं सुचलं. "हे समोरच्या बाईसाठी असणार. रंगवणाऱ्यांचं घर चुकलं."

म्हणजे शिव्यांचं टपालसुद्धा चुकीच्या पत्त्यावर पडतं! मला हे नवीन होतं.

शालूचं दुःख वेगळंच होतं. "अगं बाई, दहाला माणसं येतील! काय म्हणतील?"

आता मी चित्रकलेची बाई. बाकावरचे, भिंतीवरचे, पोरांच्या तोंडावरचे रंग काढण्यात जन्म गेला. "थिनर आहे का घरात?" म्हणाले आणि पदर खोचला. थिनर, चिंध्या, मग साबण आणि घासणी. तासाभरात दार लख्ख. शालूनं कौतुकानं माझ्याकडे बघितलं आणि मीही फुशारले.

तेवढ्यात समोरून एक साठीच्या बाई लगबगीनं आल्या. पांढरे केस, गळ्यात कॅमेरा. त्यांनी दाराकडे पाहिलं, माझ्या हातातल्या चिंधीकडे पाहिलं.

"ओह, नो," त्या म्हणाल्या. "तुम्ही धुतलंत? मी रोल आणायला गेले होते."

याच त्या समोरच्या मिसेस बेल. रिटायर शाळामास्तरीण, विधवा. चर्चच्या तळघरात नागरी हक्कांचं एक छोटं ऑफिस होतं, तिथे त्या द्वेष पसरवणाऱ्या टोळ्यांची नोंद ठेवायचं काम करत. कोणी कुठे काय रंगवलं, काय पत्रकं वाटली, कोणाच्या काचा फोडल्या, सगळ्याची. महिन्यापूर्वी हेच वर्तुळ त्यांच्या दारावर आलं होतं. पोलीस म्हणाले होते, एकच घर आहे, पोरं असतील. फाइल बंद.

"दोन घरं झाली की पोरं म्हणता येत नाही," त्या म्हणाल्या. "मला दुसरं घर हवं होतं."

आणि ते दुसरं घर मी घासूनपुसून स्वच्छ केलं होतं! गुन्हेगारांना सुद्धा इतकी इमानी मोलकरीण मिळाली नसती. लाजेनं मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वसंतराव मात्र सुटकेचा श्वास टाकत म्हणाले, "सॉरी मॅडम, आता काही उरलेलं नाही."

पूजा थाटात झाली. शिरा उत्तम, कथा वेळेत. प्रसाद खाता खाता नागपूरचे एक काका सांगत होते, "आपल्या लोकांना इथे त्रास नसतो यार. आपण त्यातले नाही, हे गोऱ्यांना कळतं." वसंतराव मान डोलावत होते.

दुपारी मी वाटीत शिरा घेतला आणि ती वीस पावलं ओलांडली. मिसेस बेलनी चमच्यानं चाखून पाहिला आणि आमच्या ग्रिट्ससारखा (मक्याच्या कण्यांची पेज) आहे पण गोड, असा निकाल दिला. मग मी माझ्या मिरजी इंग्रजीत म्हणाले, "मी ते पुसलं, पण पाहिलंही आहे. मला कागद द्या."

आमच्याकडे ड्रॉइंगच्या ग्रेड परीक्षांना स्मरणचित्र नावाचा पेपर असतो. समोर काही ठेवायचं नाही, पाहिलेलं आठवून काढायचं. हजारो पोरांकडून मी तो घोटून घेतला होता. दुसऱ्या दिवशी मिसेस बेल मला त्यांच्या तळघरात घेऊन गेल्या. भिंतभर नकाशा, त्यावर टाचण्या, आणि खोक्यांमागून खोकी कार्डं. मी टेबलावर मोठा कागद पसरून दाराचं माप घातलं आणि काढत गेले. वर्तुळ खालून सुरू झालेलं, तिथे रंगाचा गोळा. डावीकडे तीन ओघळ, मधला लांब. फुलीची आडवी रेघ उजवीकडे जाड, डावीकडे विरत गेलेली आणि वर्तुळाच्या बाहेर निघालेली.

"ही रेघ उजवीकडून डावीकडे ओढलीय," मी म्हणाले. "काढणारा बहुतेक डावखुरा."

मिसेस बेलनी आपल्या दाराचा फोटो शेजारी ठेवला. खालचा गोळा तोच. आडवी रेघ तशीच, उजवीकडून ओढलेली. त्या माझा हात धरून बसल्या. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू!

आता अडलं कुठे, तर तक्रार घरमालकानं करावी लागते. पाहुणीची सही चालत नाही.

"अक्का, तुम्ही महिन्यानं जाल," वसंतराव म्हणाले. "आम्हाला इथे राहायचंय."

"त्या बाईंनाही राहायचंय," मी म्हणाले. "आणि तुमच्या मुलीलाही."

शालू स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती म्हणाली, "मी कालपासून तिला अंगणात सोडलेलं नाहीये, वसंत."

सोमवारी ते नाइलाजानं चौकीवर आले, पण फक्त माहिती द्यायला, सही करायला नाही, असं वाटेत दोनदा बजावून. ऑफिसर तरुण होता, च्युइंगगम चघळणारा. माझं चित्र बघून हसला. मग वसंतरावांना म्हणाला, "तुम्ही मूळचे कुठले?"

वसंतरावांनी राहत्या गावाचं नाव सांगितलं.

"नाही, नाही. खरे कुठले?"

"मी इथला नागरिक आहे."

"बरं. कागदपत्रं आहेत का सोबत?"

बारा वर्षांचा टॅक्स, कापलेलं गवत, मेरिट, सगळं त्या एका प्रश्नात वाहून गेलं. वसंतरावांचे कान लाल झाले. "फॉर्म कुठे आहे?" ते म्हणाले, आणि सही इतकी दाबून केली की खालच्या दोन्ही प्रतींवर उमटली. न्यायबुद्धीनं जे जमलं नाही ते अपमानानं केलं. मी तक्रार करत नाही.

पकडलं कुणालाच नाही. पण दोन्ही घरं एका फाइलमध्ये गेली आणि संध्याकाळी पोलिसांची गाडी रस्त्यावरून फिरू लागली. मिसेस बेल मला पीच कॉबलर (वर पीठ घालून भाजलेला गोड फळांचा पदार्थ) खायला घालून म्हणाल्या, "ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही असं म्हणणारे लोक फार असतात, टीचर." निघण्याच्या दिवशी त्या निरोप द्यायला आल्या, तर शालूनं त्यांना आत बसवून चहा दिला. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मिरजेला परतले तर सगळ्यांना अमेरिकेतल्या त्या मोठ्या धबधब्याचं ऐकायचं होतं. मी दाराचं सांगितलं. आमचे दीर म्हणाले, "पण तुमच्या मेहुण्यांनी काळ्यांच्या शेजारी घर घ्यावंच कशाला?" सगळ्यांना पटलं. मी रागानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

कारण मला वाघमारे सर आठवले. आमच्याच शाळेत गणित शिकवायला आले होते, बायको पोटुशी होती. आमची माडी रिकामी होती, दारावर 'भाड्यानं देणे' अशी पाटी मीच लावली होती. ते विचारायला आले. मी आधी पाणी दिलं, मग आडनाव विचारलं. आणि मी हसतमुखानं म्हणाले, "अहो, कालच दिली हो जागा." माडी पुढे चार महिने रिकामी होती. सर रोज स्टाफरूममध्ये मला नमस्कार करायचे.

तेव्हा माझ्या हातात ना थिनर होतं ना चिंधी. तरी इतकं स्वच्छ पुसलं की कुणाला काही दिसलं नाही. त्याची तक्रार कुठे झाली नाही, फाइल कुणी उघडली नाही. म्हणून नोंद मीच करते आहे. माडी माझी होती, आणि नाही मी म्हणाले होते.