जुन्या दोराचं शेपूट

मंठाळच्या धोंडप्पाने बारा वर्षं हैदराबादेत, तळ्याकाठच्या एका क्लबात शिडाच्या होड्या धुतल्या. गावात मात्र तो त्या चालवायचा. म्हणजे तसं सांगायचा, आणि सांगताना डोक्यावरची पांढरी टोपी जरा तिरपी करायचा. घरात त्याचा एक फोटो होता. होडीत उभा, एक हात डोलकाठीला, नजर लांब कुठेतरी. नीट पाहिलं तर होडीखाली दोन लाकडी घोड्या आणि शेजारी पाण्याचा पाइप दिसायचा. पण नीट पाहणारं माणूस घरात एकच, त्याची बायको जगदेवी. तिला नवऱ्याची झाकली मूठ झाकलेलीच ठेवायची सवय होती.

बाप मल्लप्पा त्या फोटोकडे ढुंकूनही बघत नसे. अकरा वर्षं तो मुलाशी एक शब्द बोलला नव्हता. घरातली काळी मेंढी समोर असली की तो तिच्याशी बोलायचा आणि मुलाने ते आपलं आपण समजून घ्यायचं. मधल्या काळात पहिली काळी मेली, तिची लेक म्हातारी झाली, आता नात होती. मल्लप्पाचा अबोला तिन्ही पिढ्यांना पुरला.

त्याचं असं झालं. मल्लप्पा धनगर, पिढीजात घोंगड्या विणणारा. घरातल्या एकुलत्या एका खोलीत खड्ड्यातला माग. एक घोंगडी उतरली की विणकर सगळे धागे कधी काढत नाही. मागाच्या फणीतून बाहेर आलेली त्यांची वीतभर शेपटं तशीच लोंबत ठेवतो. नवे धागे एकेक करून त्या शेपटांना जोडायचे, मग जुनं ओढलं की नवं त्याच्यामागे फणीतून आपोआप येतं. शेपटं गेली तर शेकडो धागे पुन्हा एकेक करून ओवत बसा. पंच्याण्णव साली मल्लप्पा घोंगड्या विकायला बाजाराला गेला, आणि त्याच दिवशी धोंडप्पा दोन वर्षांनी मिळालेल्या पहिल्या सुटीला रंगीत टीव्ही घेऊन घरी आला. टीव्ही ठेवायला जागा नव्हती. त्याने मागावर लोंबणाऱ्या त्या चिंध्या विळ्याने कापल्या, माग परसात टाकला, खड्डा मुरमाने बुजवला आणि वर टीव्ही मांडला.

बाप परत आला तेव्हा टीव्हीवर साबणाची जाहिरात चालली होती.

"जुनं गेल्याबिगर नवं येत न्हाई, अप्पा," धोंडप्पा ऐटीत म्हणाला. त्या वर्षांत हे वाक्य जो तो म्हणत होता, भाषणांतून तर रोजच. धोंडप्पाने ते फक्त घरात आणून लागू केलं.

मल्लप्पाने टीव्हीकडे पाठ फिरवली. मग दारातल्या मेंढीला म्हणाला, "काळे, तुझ्या लोकरीचं काम सपलं गं." तेवढंच.

पुढे क्लबात होड्या धुवायचं काम कुण्या ठेकेदाराकडे गेलं आणि धोंडप्पा टोपीसकट गावी परतला. वर्षभर पारावर बसून तो वाऱ्याची दिशा सांगत होता. वारा कुठूनही आला तरी गावाचं काही अडत नव्हतं. टोपीने घर चालत नाही, हे जगदेवी दुसऱ्यांच्या रानात खुरपून रोज सिद्ध करत होती. आणि अशात दैव फळफळलं. गावाजवळच्या तलावात सहलीचं ठिकाण करायचं ठरलं, आणि एक जुनी शिडाची होडी ट्रकमधून आली. सोबत साहेब. होडी चालवणारा माणूस कायमचा नेमायचा होता, पगार महिन्याच्या महिन्याला. अट एकच. उद्या दुपारी पाहुण्यांसमोर शीड वर गेलं पाहिजे.

शीड वर ओढायचा दोर डोलकाठीच्या पोटातून जात होता. ही डोलकाठी म्हणजे अॅल्युमिनियमची लांबलचक पोकळ नळी. दोर बुडाजवळच्या भोकातून आत शिरायचा, आतून शेंड्यापर्यंत जायचा आणि तिथल्या छोट्या चाकावरून बाहेर पडायचा. पण चाकापाशी तो झिजून सुतावर आला होता. नवा दोर प्लास्टिकच्या पिशवीत तयार होता. जुना काढून नवा घालायचा, एवढंच काम.

"तुमी ह्ये कवा केलंय का?" जगदेवीने सकाळीच विचारलं होतं.

"बारा वरीस तितं गवत उपटत हुतो व्हय?"

हे काम त्याने एकदा पाहिलं होतं. लांबून, हातात पाइप धरून.

डोलकाठी दोन बैलगाड्यांवर आडवी ठेवली होती. अर्धं गाव जमलं होतं. धोंडप्पाने टोपी तिरपी केली, साहेबांकडे पाहून हसला आणि शेंड्याकडून जुना दोर सरासरा ओढायला लागला. लोक वाहवा करत होते. बुडाकडे जमिनीवर पडलेलं दोराचं शेवटचं टोक सापासारखं सरकत भोकाकडे निघालं. हातभर उरलं, वीतभर उरलं, आणि गपकन थांबलं.

त्याच्यावर एक पाय पडला होता. मेंढीला पाणी पाजायला आलेला मल्लप्पा टोकावर उभा होता.

"धोंड्या, थांब."

अकरा वर्षांनी बापाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकून धोंडप्पाच्या हातातला दोर सुटलाच. "कामून, अप्पा?"

"ह्ये भाईर काढलास, तर नवा आत कसा जानार?"

धोंडप्पाने नळीकडे पाहिलं. पंधरा-सोळा हात लांब, आत अंधार. "ढकलायचा," तो हळूच म्हणाला.

"दोर ढकलत न्हाईत, लेकरा. दोर वढत्यात." पाय हलला नाही. "आता चार मान्सांत सांग. माज्या मागाची शेपटं कुनी कापली?"

साहेब घड्याळ बघायला लागले. टोपी काढून धोंडप्पा म्हणाला, "म्या कापली, अप्पा. मला कळलं न्हाई."

मल्लप्पाने पाय उचलला. खांद्यावरच्या घोंगडीत खोचलेली दाभण काढली, लोकरीचा दोरा ओवला. गाठ मारली नाही, गाठ चाकात अडकली असती. जुन्या दोराचं टोक आणि नव्याचं टोक समोरासमोर ठेवून शिवलं, वरून दोरा घट्ट गुंडाळला, थुंकी लावून बोटाने गुळगुळीत केलं. "वढ आता. सावकास."

जुना दोर शेंड्यातून बाहेर येत राहिला, आणि त्याच्या शेपटाला धरून नवा पांढराशुभ्र दोर आला. मल्लप्पाने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. धोंडप्पाला रडू आलं. खरंच आलं, त्यात सोंग नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शीड वर गेलं, टाळ्या पडल्या, साहेबांनी नेमणुकीचा कागद धोंडप्पाच्या हातात दिला. माइकवाल्याने विचारलं, हे अवघड काम कुठं शिकलात? मल्लप्पा समोरच उभा होता. स्वच्छ धुतलेलं धोतर, हातात मेंढीची दोरी. धोंडप्पाने त्याला पाहिलं. पण टोपी पुन्हा डोक्यावर चढली होती.

"हैदराबादेत," तो म्हणाला. "क्लबातल्या मोठ्या साहेबांकडून."

जगदेवीने मान खाली घातली. ही मूठ झाकायला तिचा पदर पुरणारा नव्हता.

दिवेलागणीला धोंडप्पा पेढे घेऊन घरी आला. बापाच्या पाया पडला, हातावर पेढा ठेवला. "अप्पा, नोकरी लागली. कायमची."

मल्लप्पाने पेढा उलटसुलट करून पाहिला, आणि दारातल्या मेंढीच्या तोंडापुढे धरला.

"खा गं काळे," तो म्हणाला. "हैद्राबादचा हाय."